डोंगरात कायमचं राहायला जायचंय? निर्णयाआधी काय, कुठे आणि कधी तपासायचं

डोंगरात घर करावं हा विचार बहुतेकांच्या मनात सुट्टीवर असताना येतो. हवा थंड असते, सकाळ शांत असते, खिडकीतून दरी दिसते आणि फोनला रेंज नाही याचंही कौतुक वाटतं. यातलं काहीच खोटं नाही. पण पाहुणा म्हणून आपण तिथल्या वर्षातले सगळ्यात चांगले आठ-पंधरा दिवस बघतो. राहायला गेल्यावर उरलेले साडेअकरा महिने वाट्याला येतात.

म्हणून कागदावर दोन रकाने आखून फायदे-तोट्यांची बेरीज करण्याची नेहमीची पद्धत इथे फारशी उपयोगाची नाही. 'सुंदर देखावा' आणि 'रुग्णालय दोन तासांवर' या दोन गोष्टींची वजाबाकी कशी करणार? त्यापेक्षा दोन कसोट्या लावा. जागा जोखायची ती तिथल्या सर्वांत वाईट महिन्यावरून. आणि निर्णय घ्यायचा तो घरातल्या ज्या माणसाला तिथे राहणं सगळ्यात जड जाणार आहे, त्याच्या जागी बसून. या दोन्हींत जागा टिकली, तर फायदे मोजत बसावे लागत नाहीत, ते रोज मिळत राहतात.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की घरबसल्या, बिनखर्चात होणारी कामं आधी येतात. सुरुवातीलाच नकार आला तर पुढचे पैसे वाचले.

पायरी १: कारण लिहून काढा

'डोंगरातच का?' याचं उत्तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता लिहावं. एकाने 'शांतता' लिहिलं आणि दुसऱ्याने 'तू म्हणतोस म्हणून' लिहिलं, तर उंची आणि पाणी तपासायच्या आधी तेवढं बोलून घ्यावं.

मग प्रत्येक कारणापुढे विचारा: यासाठी डोंगरच हवा का? गोंगाट नको असेल तर शहरापासून तासाभरावरचं सपाटीवरचं गावही चालतं. उन्हाळा सोसत नसेल तर मात्र डोंगराला तोड नाही. दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं, म्हणजे २००० मीटरवरची जागा समुद्रसपाटीपेक्षा ढोबळमानाने १३ अंशांनी थंड.

'स्वच्छ हवा' या कारणाची नीट चौकशी करा. हिवाळ्याच्या रात्री थंड, जड हवा उतारांवरून ओघळून दरीच्या तळाशी साचते आणि तिच्यावर तुलनेने गरम हवेचा थर बसतो. चुली, गाड्या, कारखाने यांचा धूर त्याखाली दिवसेंदिवस अडकतो. डोंगरांनी वेढलेली काठमांडू आणि सॉल्ट लेक सिटी ही शहरं हिवाळ्यातल्या या धुरकट हवेसाठी ओळखली जातात. त्याच खोऱ्यात उताराच्या मधल्या पट्ट्यात हवा जास्त मोकळी आणि रात्र कमी गार असू शकते. म्हणजे 'डोंगरातली हवा' असं सरसकट काही नसतं, अमुक उतारावरची हवा असते. दम्याचंही तसंच. घरातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म किडे कोरड्या, उंच हवेत फारसे टिकत नाहीत, आणि स्वित्झर्लंडमधल्या १५०० मीटरच्या थोडं वर असलेल्या दावोसला श्वसनविकाराच्या रुग्णांना पाठवण्याची जुनी परंपरा आहे. पण जिथे वर्षातले चार महिने भिंतींना ओल असते त्या डोंगरात तेच किडे आणि सोबत बुरशी मजेत वाढतात.

नोकरीचा वीट किंवा घरातला ताण हे कारण असेल, तर ते सामानाबरोबर वर येतं. यावर जास्त बोलायची गरज नाही.

पायरी २: शरीराला झेपेल ती उंची ठरवा

नकाशावर जागा शोधण्याआधी उंचीची वरची मर्यादा ठरवा. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्क्यांच्या आसपासच असतं, पण वर जाताना हवेचा दाबच कमी होतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो. १५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के, २५०० मीटरवर पाऊणपट, ३५०० मीटरवर दोनतृतीयांश आणि ५५०० मीटरवर निम्मा.

व्यवहारात याचा अर्थ असा. १५०० मीटरपर्यंत निरोगी माणसाला विशेष काही जाणवत नाही. १५०० ते २५०० या पट्ट्यात हृदयविकार, फुप्फुसांचा जुनाट आजार, सिकल सेल किंवा मोठा रक्तक्षय असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. २५०० मीटरच्या वर घरातल्या सगळ्यांनीच बोलावं, कारण डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हा उंचीचा त्रास साधारण तिथून सुरू होतो. ३००० मीटरच्या वर जाताना झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. चालताना तोल जाणं, बडबडणं किंवा स्वस्थ बसूनही धाप लागणं दिसलं तर वाट न बघता खाली उतरवणं हाच उपाय.

लोक लेहमध्ये ३५०० मीटरवर आणि बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये ३६०० मीटरवर आयुष्य काढतात, हे खरं. पेरूमधली ला रिन्कोनादा ही खाणवस्ती तर ५१०० मीटरच्या आसपास आहे. पण 'सवय होते' या वाक्यावर पूर्ण विसंबू नका. काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढून शरीर जुळवून घेतं, पण काहींच्या बाबतीत ही वाढ थांबतच नाही. रक्त दाट होतं आणि वर्षानुवर्षं राहिल्यावर एक जुनाट आजार जडतो. कार्लोस मोंगे या पेरूच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. दुसरी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बऱ्याच उंचीवर कायम राहणारा माणूस काही आठवडे खाली राहून परत वर गेला, की फुप्फुसात पाणी होण्याचा धोका त्यालाही असतो, मुलांना जास्त. म्हणूनच सुट्टीहून परतल्यावरचा खोकला आणि धाप साधी समजू नये. गर्भवतींसाठीही हिशेब वेगळा: उंचीच्या दर १००० मीटरमागे बाळाचं जन्मवजन सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं.

बाकी गोष्टी सवयीने जमतात. दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश आधीच उकळतं, म्हणजे ३००० मीटरवर ९० अंशांना, त्यामुळे प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजणं कठीण. अतिनील किरणं दर १००० मीटरला १० टक्क्यांहून थोडी जास्तच वाढतात आणि ताज्या बर्फावरून त्यांतली बरीचशी परत उसळतात, म्हणून थंडीतही डोळ्यांना चष्मा हवा.

खरं तर घर शोधणारे बहुतेक लोक २००० मीटरच्या खालीच थांबतात. त्यांना विरळ हवेपेक्षा पायऱ्या आणि गुडघे जास्त छळतात.

पायरी ३: ऊन कुठून येतं ते बघा

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर हिवाळ्यात ऊन भरपूर असतं. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ, ओल, शेवाळ जास्त दिवस टिकतं. दक्षिण गोलार्धात उलट. अरुंद दरीत समोरच्या डोंगराची सावली किती तास पडते हा प्रश्न देखाव्यापेक्षा मोठा आहे. नॉर्वेतल्या रियुकान गावात सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊन पोचतच नाही. २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा आणला. इटलीतल्या विगानेल्ला गावाने हाच उपाय २००६ मध्ये केला होता. तुमच्या जागेचं ऊन फोनवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या अॅपमधून तपासता येतं, तारीख मात्र २१ डिसेंबरची टाका (दक्षिण गोलार्धात २१ जूनची).

पावसाचंही असंच. ढग ज्या बाजूने येऊन डोंगराला अडतात ती बाजू चिंब, पलीकडची कोरडी. दोन गावं नकाशावर दहा किलोमीटरवर असतात आणि त्यांच्या पावसात कितीतरी पटींचा फरक असतो. तालुक्याची सरासरी इथे काही सांगत नाही.

पायरी ४: जमीन. इथे सर्वांत जास्त वेळ घालवा

घर दुरुस्त करता येतं, पाण्याची टाकी मोठी करता येते, उतार मात्र बदलता येत नाही. तरीही घर घेताना सगळ्यात कमी प्रश्न जमिनीबद्दल विचारले जातात, याचं मला कायम नवल वाटतं.

सपाट जागा दिसली की आधी संशय घ्या. अरुंद दरीत सपाटी सहसा तीन प्रकारे तयार होते. एक, नदीने टाकलेला गाळ, म्हणजे जिथे नदी पूर्वी होती आणि पुन्हा येऊ शकते. दोन, ओढा दरीत उतरतो तिथे त्याने आणून पंख्यासारखा पसरलेला दगडमातीचा ढीग. तीन, जुनी कोसळलेली दरड. तिन्ही जागा बांधकामाला सोयीच्या दिसतात, आणि तिन्ही पाण्याने किंवा घसरणीने घडवल्या आहेत.

उत्तराखंडमधलं जोशीमठ हे तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण. गाव जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलं आहे, इथे जड बांधकाम नको, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ पर्यंत आठशेहून जास्त इमारतींना तडे गेलेले होते आणि लोकांना घरं सोडावी लागली. केरळमधल्या वायनाडची गोष्ट वेगळी. ३० जुलै २०२४ च्या पहाटे डोंगर फुटला तो वर, पण मुंडक्कई आणि चूरलमलामध्ये दोनशेहून अधिक जीव गेले, कारण दगडगोट्यांचा लोंढा ओढ्याच्या वाटेने कितीतरी खाली आला. आपल्या घरामागचा उतार पक्का आहे एवढं पुरत नाही. आपल्या ओढ्याच्या उगमापर्यंत नजर टाकावी लागते.

जागेवर गेल्यावर बघायच्या खुणा:

- झाडांची खोडं बुंध्याशी वाकून वर सरळ झाली आहेत का? माती हळूहळू सरकते तेव्हा झाडं अशी वाढतात. विजेचे खांब, कुंपणं तिरकी झाली असतील तर तेच.
- आसपासच्या घरांत दारं-खिडक्या चौकटीत अडकतात का, भिंतींना तिरपे तडे आहेत का, रस्ता एकाच जागी पुन्हा पुन्हा खचतो का?
- राखणभिंतीला (उताराची माती अडवणाऱ्या भिंतीला) पाणी निघायला भोकं आहेत का? भोकं नसलेली किंवा पोट पुढे आलेली भिंत कधीतरी पडणार.
- खडकाचे थर डोंगराच्या आत झुकलेत की उताराच्या दिशेने बाहेर? बाहेर झुकलेले थर पाण्याने ओले झाले की एकमेकांवरून घसरतात.
- प्लॉट कसा काढला आहे? डोंगर अर्धा कापून तीच माती पुढे टाकून केलेल्या सपाटीवर घराचा मागचा भाग मूळ जमिनीवर आणि पुढचा भरावावर येतो. भराव दबतो, मूळ जमीन दबत नाही, आणि तडा बरोबर मध्ये जातो. व्हरांडा आणि त्यापुढचा देखावा नेमका भरावावरच असतो.

परिसरातली सगळ्यात जुनी घरं कुठे आहेत आणि कुठे अजिबात नाहीत हेही बघा. पिढ्यानपिढ्या मोकळी ठेवलेली सपाट जागा अचानक विकायला निघाली असेल, तर ती मोकळी का होती हे किमान तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांपैकी कोणीही दलालाचा नातेवाईक नसावा.

एवढं करून जागा आवडलीच, तर भूगर्भतज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या. घराच्या किमतीपुढे ती फी किरकोळ असते. हिमालय, अँडीजसारख्या तरुण पर्वतरांगांमध्ये भूकंपाचा हिशेबही त्यात यायला हवा. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात लांगटांग गाव हादऱ्यापेक्षा वरून आलेल्या बर्फ-दगडांच्या लोटाखाली गाडलं गेलं. याउलट स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावावर मे २०२५ मध्ये हिमनदीचा कडा कोसळला आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला, पण डोंगरावर लक्ष ठेवून सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस आधीच हलवलं होतं. म्हणून धोका किती याच्याबरोबर 'इथे कोणी लक्ष ठेवतं का, इशारा कसा मिळतो' हेही स्थानिक प्रशासनाला विचारा.

पायरी ५: पाणी मोजा, ऐकू नका

'इथे पाण्याला तोटा नाही' हे वाक्य पावसाळ्यात सगळीकडे खरं असतं. चेरापुंजीत वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कोरड्या महिन्यांत तिथल्याच लोकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते, कारण उतारावरून पाणी पळून जातं. भारतीय हिमालयातले निम्म्याच्या आसपास झरे आटत चालले आहेत किंवा हंगामी झाले आहेत, असं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे.

झरा कोरड्या हंगामाच्या शेवटी मोजायचा. दहा लिटरची बादली आणि फोनमधलं घड्याळ पुरेसं आहे. बादली ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर. पाच मिनिटं लागली तर दिवसाला २,८८० लिटर. त्यावर किती घरांचा हक्क आहे ते विचारून भागाकार करा. चौघांच्या घराला काटकसरीने दिवसाला ४०० लिटर धरले, तर महिन्याभराच्या साठ्याला १२,००० लिटरची टाकी लागते. ती उतारावर बसवायची म्हणजे १२ टन वजन कुठे टेकवायचं हा पुन्हा जमिनीचाच प्रश्न.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला कोणाचा शोषखड्डा आहे का बघा. चुनखडीच्या डोंगरात पाणी भेगांतून गाळलं न जाताच खाली येतं, तिथे दिसायला नितळ पाणीही उकळूनच प्यावं. आणि आपलं सांडपाणी कुठे जाणार? उतारात मुरवलेलं पाणी खालच्या घराची जमीन भुसभुशीत करतं.

पायरी ६: रस्ता किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजा

घरापासून रुग्णालयापर्यंत एकदा रात्री, पावसात किंवा धुक्यात स्वतः गाडी चालवत जा. सुट्टीत दुपारी लागलेला वेळ विसरा. तिथे पोचल्यावर विचारा: रात्री शस्त्रक्रिया होते का, सिझेरियन होतं का, रक्त मिळतं का, मेंदूचं स्कॅन होतं का? मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध पक्षाघाताची लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांतच देता येतं. त्यातून रस्त्याचे तास वजा करा, फोन लागण्याचा आणि गाडी येण्याचा वेळ वजा करा, आणि काय उरतं ते बघा. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल किंवा बाळ व्हायचं असेल, तर माझ्या मते हा आकडा बाकी सगळ्या मुद्द्यांच्या वर आहे.

मग बाहेर पडायचे रस्ते मोजा. एकच असेल तर तो मागच्या तीन-चार वर्षांत किती दिवस बंद होता, दरड किंवा बर्फ कोण हटवतं, किती वेळात? दोन रस्ते असतील तर ते खरोखर वेगळे आहेत की पुढे एकाच पुलावर मिळतात? वणव्याच्या प्रदेशात हा प्रश्न जिवाचा असतो. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याच्या टेकड्यांमधलं पॅराडाइज गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळालं, ८५ जण गेले, आणि बाहेर पडायच्या मोजक्या रस्त्यांवर गाड्या अडकून पडल्या होत्या.

शेवटचे पाचशे मीटर वेगळे तपासा. रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, अग्निशमन गाडी दारापर्यंत वळू शकते का? ती वाट कागदोपत्री तुमच्या वहिवाटीची आहे, की शेजाऱ्याच्या मर्जीवर?

पायरी ७: घर आणि रोजची झुंज

डोंगरातलं घर दोन शत्रूंपैकी एकाशी किंवा दोघांशी लढतं: ओल आणि गोठण. ओलीच्या प्रदेशात जोतं उंच, छप्पर भिंतीबाहेर बरंच आलेलं, डोंगराच्या बाजूची भिंत मातीपासून सुटी आणि वरून येणारं पाणी घराला वळसा घालून नेणारा चर, एवढं हवंच. डोंगरात अर्धवट पुरलेली खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ग्रॅनाइटच्या भागात तर अशा तळघरांत रेडॉन हा किरणोत्सारी वायूही साचतो, त्याची तपासणी साध्या किटने होते.

बर्फाच्या प्रदेशात आधी छप्पर बघा. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, दबलेला ओला बर्फ ३०० किलो किंवा त्याहून जास्त. मीटरभर साचला तर छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर चार-पाच माणसं उभी. नळातलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून पाइप जमिनीत गोठणरेषेखाली किंवा जाड वेष्टनात हवेत आणि घर बंद करताना रिकामे करता यायला हवेत. सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबवतो, म्हणून कडक थंडीत प्रोपेनचं प्रमाण जास्त असलेला गॅस लागतो. साधं इंजिन दर १००० मीटरला सुमारे १० टक्के ताकद गमावतं, जनरेटरही, तेव्हा तो थोडा मोठाच घ्यावा. चालवायचा मात्र घराबाहेर.

उबेसाठी शेगडी, कोळसा किंवा गॅस हीटर वापरणार असाल तर धुराडं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही हवेत. या वायूला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दर हिवाळ्यात कुठे ना कुठे मरतात.

माकडं, अस्वलं, बिबटे यांच्याशी निम्मा व्यवहार कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ठरतो. झाकण पक्कं ठेवा.

पायरी ८: कागदपत्रं

अनेक डोंगराळ प्रदेशांत बाहेरच्या माणसाला जमीन सहज घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ शेतकरी नसलेल्यांना सरकारी परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ च्या जनमतानंतर ज्या गावांत सुट्टीची घरं २० टक्क्यांवर गेली आहेत तिथे अशा नव्या घरांना बंदी आहे. 'सगळे करतात तसं दुसऱ्याच्या नावावर करू' असं कोणी सुचवलं तर तिथून उठावं. जमिनीचा, पाण्याचा आणि वाटेचा हक्क हे तीन वेगळे हक्क आहेत, तिन्ही कागदावर बघा.

पायरी ९: पोट आणि माणसं

घरून काम करणार असाल तर इंटरनेट स्वतः तपासा, तेही वीज गेल्यावर. टॉवरची बॅटरी किती तास टिकते हे गावातल्या पोरांना पक्कं माहीत असतं. दोन वेगळ्या मार्गांनी येणारी जोडणी हवी, एकाच खांबावरून आलेल्या दोन कंपन्या म्हणजे दोन जोडण्या नव्हेत. पर्यटनावर जगणार असाल तर वर्षाचं उत्पन्न तीन-चार महिन्यांत कमवायचं हे धरून चाला, आणि रस्ता वाहून गेला तर तो हंगाम शून्य. घरकाम, दुरुस्ती, सामान सगळ्यावर वाहतुकीचा बोजा चढतो.

कधीकधी गावंच पैसे देऊन बोलावतात. स्वित्झर्लंडमधल्या अल्बिनेन गावाने २०१७ मध्ये नव्या कुटुंबांना रोख अनुदान द्यायचं ठरवलं, पण वय ४५ च्या आत आणि दहा वर्षं राहण्याची अट. अशी योजना वाचताना अटींइतकंच तिथली शाळा, दुकान, बस चालू आहे का हे बघा. ज्यांच्यामुळे जुने रहिवासी गेले ती कारणं अनुदानाने जात नाहीत.

गावात खरोखर कोण राहतं हे कळायला सोपा उपाय: हंगाम नसताना आठवड्याच्या मधल्या रात्री गावातून चक्कर मारा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. ऐंशी घरांत बारा दिवे असतील, तर तुमचा शेजार बारा घरांचा आहे. या बारांशी जमवून घेणं ही चैन नाही. दरड आली तर सरकारी यंत्रणेच्या आधी तेच पोचणार असतात. पहिलं वर्षभर सल्ले देऊ नका, मागा.

आता सुरुवातीला म्हटलेल्या, इथे राहणं ज्याला सगळ्यात जड जाणार त्या माणसाकडे वळू. बहुधा ते गाडी न चालवणारं माणूस असतं: म्हातारी आई, चौदा वर्षांचं मूल, किंवा परवाना नसलेला जोडीदार. मैत्रिणीकडे, वाचनालयात, डॉक्टरकडे, कुठेही जायला ज्याला दुसऱ्याची विनवणी करावी लागते त्याच्यासाठी सगळ्यात सुंदर दरीसुद्धा कोंडी ठरू शकते. त्याच्या आठवड्याचं वेळापत्रक तासागणिक लिहून बघा. कागद कोराच राहिला तर थांबा.

पायरी १०: भाड्याने राहा, परतीचा रस्ता आखा

विकत घेण्याआधी त्याच गावात भाड्याने राहा, आणि त्यात तिथला सर्वांत वाईट महिना पूर्ण यायला हवा. पावसाचा डोंगर असेल तर भर पावसाळा, बर्फाचा असेल तर कडाक्याचा हिवाळा, वणव्याचा असेल तर कोरडा उन्हाळा. जमलं तर खालचं घर तोवर विकू नका. वर असताना रोज दोनच गोष्टी टिपा: वीज-पाणी-रस्ता-फोन यांपैकी काय बंद होतं, आणि घरातला प्रत्येक जण घराबाहेरच्या माणसाशी बोलला का.

जाण्याआधीच नकाराचे निकष ठरवून लिहून ठेवा. उदाहरणार्थ, रस्ता सलग चार दिवस बंद पडला, किंवा मुलाचा दमा वाढला, तर घ्यायचं नाही. राहून झाल्यावर जागेचा लळा लागतो आणि माणूस स्वतःशीच घासाघीस करू लागतो, म्हणून आधी.

विकत घेताना हे धरून चाला की विकायला वेळ लागेल. डोंगरातल्या घराला गिऱ्हाइकं थोडी असतात आणि शेजारच्या गावात दरड कोसळली तर तीही पळतात. जी रक्कम वर्षानुवर्षं अडकली तरी चालेल तेवढीच गुंतवा, आणि आपत्तीचा विमा मिळतो का हे सौद्याआधी विचारा. विमा कंपनी नाही म्हणाली, तर ती का नाही म्हणाली हे भूगर्भतज्ज्ञाच्या अहवालाइतकंच लक्ष देऊन वाचा.

बरीच उत्तरं 'हो' पण रुग्णालय किंवा शाळेचं 'नाही' आलं, तर पायथ्याचं गाव बघा. डोंगर सुरू होण्याआधीचं, जिथे बाजार, बस, दवाखाना आहे. हवा थोडी कमी थंड असेल, पण वर जायला अर्धा तास पुरतो आणि घाट बंद असला तरी घरातलं काही अडत नाही. किंवा वर्षातले चार-पाच चांगले महिने वर भाड्याने आणि बाकी खाली. मेंढपाळ पूर्वापार हेच करत आले आहेत, आणि डोंगर त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.